मामांचे कान आणि शंभर गाण्यांचा संच

प्रश्न : माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी परदेशांतून आणलेल्या एल्व्हिस, चक बेरी, लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक अँड रोल गायकांच्या एलपी तबकड्यांना आता बुरशी धरू लागली आहे. म्हणून मी त्यांना शंभर गाण्यांचा ‘डिजिटली रीमास्टर्ड’ सीडी संच आणून दिला. खरखर नाही, आवाजही मोठा. पण मामा म्हणतात, ‘ह्यात जीव नाही, आणि चक बेरीची काही गाणी तर ती नव्हेतच.’ रीमास्टर केल्यावर आवाज सुधारतो ना?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मामांवर विश्वास ठेवा. दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबर ओळखल्या असणार.

चक बेरीची गाजलेली गाणी १९५५ पासून शिकागोच्या चेस कंपनीने काढली. १९६६ मध्ये तो मर्क्युरी कंपनीकडे गेला आणि त्यातली बरीच गाणी त्याने तिथे पुन्हा गायली. लिटल रिचर्डनेही १९६४ मध्ये व्ही-जे कंपनीसाठी हेच केलं. गायक तोच, गाणं तेच, पण स्टुडिओ दुसरा आणि ती पहिली धगही नाही. स्वस्त संचांत ही ध्वनिमुद्रणं सर्रास मिसळलेली असतात. सीडीच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचा. गाण्यापुढे मूळ कंपनी आणि साल दिलेलं नसेल तर मी तो संच घेत नाही.

आता ‘जीव नाही’ याबद्दल. युरोपात ध्वनिमुद्रणावरचे हक्क पूर्वी ५० वर्षांनी संपत. २०१३ मध्ये मुदत ७० वर्षांची झाली, पण १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचे संपलेले हक्क परत आले नाहीत. त्यामुळे ती तिथे कोणीही छापू शकतो. मूळ टेप मात्र त्याच्या हाती नसते. मग एखाद्या सीडीवरून किंवा जुन्या तबकडीवरून गाणी उतरवायची, खरखर पुसायची, आवाज चढवायचा आणि वर ‘रीमास्टर्ड’ छापायचं. याला मी रीमास्टर म्हणत नाही. मूळ टेपेवरून आवाज नव्याने नीट बसवणं म्हणजे रीमास्टर.

१९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचा मालक सॅम फिलिप्स याने एल्व्हिसची पहिली तबकडी केली, तेव्हा ड्रम नव्हताच. साथीदार बिल ब्लॅक उभ्या बेसच्या (व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या माणसाएवढ्या वाद्याच्या) तारा ओढून सोडी, त्या लाकडावर फटकन आपटत, आणि तोच ताल. सनचा तो प्रसिद्ध प्रतिध्वनी दुसऱ्या टेप यंत्रातून निमिषभर उशिरा येणारा आवाज मूळ आवाजात मिसळून तयार होई. हे सगळं टेपच्या सूं आवाजाला लागूनच असतं. आकाशवाणीसाठी जुन्या नाट्यगीतांच्या टेपा हाताळताना मी हे फार जवळून ऐकलं आहे : सूं पार पुसायला जावं तर तंबोऱ्याची रेंगाळणारी आसही जाते. तुमच्या संचात तारेचा फटका बोथट झाला असेल आणि प्रतिध्वनी मध्येच तुटत असेल, तर मामांना नेमकं तेच खटकतंय. वर सगळा आवाज एकाच पातळीला दाबून मोठा केला की हळू आणि जोरात यांतला फरकही उरत नाही. सीडीचा आवाज एलपीइतका खाली आणा आणि मग दोन्ही ऐका. नुसत्या मोठेपणाला कान लगेच भुलतो.

‘स्टिरिओ’ या शब्दालाही भुलू नका. ही गाणी बहुतेक मोनोच होती, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. १९६० च्या दशकात कंपन्यांनी एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तीव्र स्वर असं वाटून नकली स्टिरिओ केले. बॅलन्सचं बटण आधी एका, मग दुसऱ्या बाजूला पूर्ण फिरवा. एका बाजूला आवाज पातळ, पत्र्यासारखा झाला तर समजा, स्टिरिओ नकली आहे.

चांगलं हवं असेल तर जर्मनीच्या बेअर फॅमिली किंवा इंग्लंडच्या एस (Ace) कंपनीचे संच बघा. महाग आहेत, पण हे लोक मूळ टेपा शोधतात आणि गाणं कधी, कुठे, कोणाच्या साथीने मुद्रित झालं तेही छापतात. शंभर गाण्यांऐवजी वीसच घ्या, पण अशी घ्या.

आणि त्या एलपी टाकू नका! डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एखादाच थेंब घालून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा, मधलं लेबल भिजू देऊ नका, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून पूर्ण वाळू द्या. त्यांत मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट मुळीच लावू नका, लाख विरघळते. बुरशी लागलेली कव्हरं वेगळी काढा आणि एलपी ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, उभ्या ठेवा. पुढचा पावसाळा यायच्या आत एकदा संगणकावर उतरवूनही घ्या, आहे त्या खरखरीसकट.