अवमूल्यन की घसरण?

‘चलनाचे अवमूल्यन झाले’ आणि ‘चलन घसरले’ ही दोन्ही वाक्ये एकाच बातमीत वाचून, या दोन शब्दांचा अर्थ एकच समजावा का, असे एका वाचकाने विचारले आहे. माझ्या मते समजू नये. दोन्हींचा परिणाम सारखा दिसत असला, तरी अवमूल्यनाला कर्ता असतो आणि घसरणीला तो नसतो.

‘अवमूल्यन’ यातील ‘अव’ हा उपसर्ग ‘अवनती’ किंवा ‘अवरोह’ यांतल्याप्रमाणे खालची दिशा दाखवतो, आणि मूल्यन म्हणजे मूल्य ठरवणे. म्हणजे कोणीतरी बसून मूल्य खाली ठरवले आहे. हा शब्द स्थिर विनिमय दरांच्या व्यवस्थेत शोभतो. 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेनंतर देशांनी आपापल्या चलनाचा डॉलरशी दर जाहीर करून तो सांभाळायचा, अशी रीत होती. नोव्हेंबर 1967 मध्ये ब्रिटिश सरकारने पौंडाचा दर 2.80 डॉलरवरून 2.40 डॉलरवर आणला, तेव्हा निर्णय सरकारचा होता, तारीख ठरलेली होती आणि जाबही सरकारलाच द्यावा लागला. हे निखळ अवमूल्यन.

1973 पर्यंत ती व्यवस्था मोडली आणि प्रमुख चलने तरती झाली, म्हणजे त्यांचा दर सरकारऐवजी बाजार ठरवू लागला. आता बाजारातील मागणी-पुरवठ्यामुळे, परदेशी भांडवल निघून गेल्यामुळे किंवा दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवल्यामुळे चलन खाली येते. तिथे ‘घसरले’ हे अकर्मक क्रियापदच योग्य आहे. अशा वेळी ‘अवमूल्यन केले’ असे लिहिणे म्हणजे न घेतलेला निर्णय सरकारच्या माथी मारणे होय, आणि ही चूक मला शैलीची नव्हे, वस्तुस्थितीची वाटते.

या दोन टोकांच्या मधल्या जागा मराठी क्रियापदे फार नेमकेपणाने दाखवतात. मध्यवर्ती बँकेने हस्तक्षेप टाळला, तर तिने चलन ‘घसरू दिले’. स्वतःचे चलन विकून डॉलर विकत घेतले, तर ‘घसरवले’. 2 जुलै 1997 रोजी थायलंडने बाटचा सांभाळलेला दर सोडून दिला. त्याला सरसकट अवमूल्यन म्हटले जाते, पण नवा दर ठरवलाच नव्हता, म्हणून ‘बाट तरता केला आणि तो कोसळला’ असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते. याउलट ऑगस्ट 2015 मध्ये चीनच्या मध्यवर्ती बँकेने युआनचा रोजचा संदर्भ दर एका दिवसात जवळपास 2 टक्क्यांनी खाली आणला, तिथे ‘अवमूल्यन’ शोभते, कारण तो दर बँक स्वतःच जाहीर करत होती.

महागाईने पैशाची क्रयशक्ती कमी होते, त्यालाही काही जण अवमूल्यन म्हणतात. तेही टाळावे. 1967 च्या त्या निर्णयानंतर पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी जनतेला सांगितले होते, की खिशातल्या पौंडाची देशातली किंमत कमी झालेली नाही. आयात महागली की ती झळ देशातल्या भावांपर्यंत पोहोचतेच, त्यामुळे त्यांच्यावर टीका झाली. पण बाह्य मूल्य आणि अंतर्गत क्रयशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र खरे. (यंत्रसामग्रीच्या झिजेसाठी आपल्याकडे ‘घसारा’ हा स्वतंत्र शब्द आहे, त्याची घसरणीशी गल्लत करू नये.)

आकडा देताना आणखी एक काळजी घ्यावी. पौंडाचे ते अवमूल्यन डॉलरमध्ये मोजले तर 14.3 टक्के भरते, आणि डॉलर पौंडात किती महागला हे पाहिले तर 16.7 टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत, म्हणून कोणते चलन कशात मोजले ते वाक्यातच सांगावे. नुसते ‘दर घटला’ तर लिहूच नये: 1961 मध्ये डॉलरचा दर 4.20 मार्कांवरून 4 मार्कांवर आला, आकडा घटला, पण पश्चिम जर्मनीने त्या दिवशी मार्कचे मूल्य वाढवले होते.