पेशी निळ्या झाल्या म्हणजे सेनेसन्स सिद्ध झाला असं नाही

एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध देऊन सेनेसन्स, म्हणजे पेशींचं विभाजन कायमचं थांबणं, बघायचा हा तुमचा बेत सुरुवात म्हणून चांगला आहे. बीटा-गॅल स्टेनिंगमध्ये (सेनेसन्समधल्या पेशींतलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज एन्झाइम निळ्या रंगाने दाखवणारी चाचणी) नवख्यांचा घात बहुधा पीएच करतो. बफर ६.० वरच हवा. तो ४ च्या आसपास गेला, तर जवळपास प्रत्येक पेशीतलं लायसोसोमचं (पेशीच्या पचनपिशवीचं) हे एन्झाइम कामाला लागतं आणि सगळी प्लेट निळी होते! म्हणूनच प्लेट ३७ अंशांवर, पण कार्बन डायऑक्साइड नसलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा. त्या वायूने बफर आम्लधर्मी होतो. १२ ते १६ तास पुरतात.

- फिक्सिंग (पेशी रसायनाने स्थिर करणं) ३ ते ५ मिनिटंच. जास्त झालं की एन्झाइम निकामी.
- एक्स-गॅल (एन्झाइमने तोडलं की निळा रंग देणारं रसायन) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, ताजं.
- खच्चून वाढलेल्या पेशी औषधाशिवायही निळ्या होतात. विरळ पेरा, आणि औषध न दिलेला कंट्रोल हवाच.

निळा रंग हा एकटा पुरावा नव्हे. जोडीला पी२१ (विभाजन रोखणारं प्रथिन) वाढलंय का आणि पेशींनी ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारं खुणेचं रसायन) घेणं थांबलंय का, हे बघा. पी१६ हे असंच दुसरं प्रथिन शोधत बसू नका, एमसीएफ-७ मध्ये त्याचं जनुकच गळालेलं आहे.

आणि निष्कर्षात ‘कॅन्सर आटोक्यात’ लिहू नका. विभाजन थांबलेल्या पेशी आयएल-६सारखे दाह वाढवणारे रेणू सोडून शेजारच्या गाठीच्या पेशींना वाढायला मदतही करू शकतात. हे रेणू मोजणं नंतर, आधी स्टेनिंग तीनदा सारखं येऊ द्या.