वाडीच्या यार्डात अडकलेली गाडी आणि रोज वाढणारे भाडे

प्रश्न : माझा मुलगा बंगळुरूहून परदेशी गेला. जाण्यापूर्वी त्याने आपली एमएच 31 क्रमांकाची एसयूव्ही प्रतापनगरच्या आमच्या घरी पोहोचवण्यासाठी एका वाहतूक कंपनीकडे सोपवली. व्हॉट्सअ‍ॅपवर 16,500 रुपये भाडे आणि 1,500 रुपये विमा, घरपोच, असे ठरले आणि त्याने 5,000 रुपये आगाऊ दिले. आता गाडी नागपूरजवळच्या वाडीच्या यार्डात उभी आहे. उरलेल्या 13,000 रुपयांखेरीज आणखी 13,800 रुपये मागितले जात आहेत : मोठ्या गाडीचा फरक 5,000, डिझेल दरवाढ 2,300, शहर प्रवेश कर 2,500 आणि घरपोच आणण्याचे 4,000. शिवाय दररोज 400 रुपये यार्डभाडे चढते आहे. पुढच्या बंपरवर मोठा ओरखडा दिसतो. पैसे द्यावेत की पोलिसांत जावे? (एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : आपण गाडी आधी घरी आणावी, वाद नंतर लढावा. ठरलेले 13,000 रुपये गाडीचा ताबा मिळताच देण्याची तयारी आजच कंपनीला ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर लेखी कळवा व उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत द्या. तरीही गाडी सोडली नाही तर जादा रक्कम बँकेमार्फतच भरा, रोख देऊ नका, आणि त्यांच्या पावतीवर व आपल्या प्रतीवर सहीच्या वर स्वच्छ अक्षरांत लिहा : ‘ही जादा मागणी मला मान्य नाही. गाडी अडवून ठेवल्यामुळे केवळ ताबा मिळवण्यासाठी, परताव्याचा हक्क राखून, ही रक्कम देत आहे.’

अशा रीतीने पैसे भरणे म्हणजे मागणी कबूल करणे नव्हे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 72 नुसार जबरदस्तीमुळे दिलेली रक्कम घेणाऱ्याने परत करावी लागते, आणि त्या कलमाखाली कायद्यानेच दिलेले उदाहरण जणू आपल्याच प्रकरणासाठी लिहिले आहे : रेल्वे कंपनी बेकायदा जादा भाडे घेतल्याशिवाय माल सोडत नाही, माल हवा असलेला माणूस ते भरतो, आणि त्यातील जेवढी रक्कम बेकायदा जादा होती तेवढी परत मिळवण्याचा त्याला हक्क आहे. त्याच कायद्याचे कलम 15 दुसऱ्याचे नुकसान करून मालमत्ता बेकायदा अडवून ठेवणे, किंवा तशी धमकी देणे, यालाही जबरदस्तीच म्हणते. वाहकाला, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या कंपनीला, माल रोखण्याचा मर्यादित अधिकार असतो, हे खरे आहे. पण तो त्या मालाच्या ठरलेल्या, न भरलेल्या भाड्यापुरता असतो. म्हणून 13,000 रुपयांची लेखी तयारी महत्त्वाची आहे. ती कळवल्यानंतरही गाडी त्यांनीच अडवून ठेवली, तर त्या दिवसांचे यार्डभाडे आपल्या माथी मारण्याला आधार उरत नाही.

आता मागणीतील एकेक बाब पाहू, कारण गाडी-वाहतुकीचा दर कशावर ठरतो हे समजल्याशिवाय कोणती मागणी खोटी आणि कोणती वादाची, हे आपल्याला सांगता येणार नाही. भाडे नुसत्या किलोमीटरवर ठरत नाही. एका ट्रेलरवर अनेक गाड्या चढतात, म्हणून आपली गाडी त्यावर किती जागा आणि वजन खाते हे पाहिले जाते, आणि एसयूव्हीला छोट्या हॅचबॅकपेक्षा अधिक भाडे लागणे रास्त आहे. ट्रेलर उघडा की बंदिस्त, गाडी स्वतःच्या बळावर चढते की ओढून चढवावी लागते, त्या मार्गावर परतीचा माल मिळतो का, हेही त्यात येते. स्वस्त दराच्या पोटात बहुधा एक अट दडलेली असते : ट्रेलर भरेपर्यंत गाडी थांबेल, आणि तो दिल्लीकडे जाताना नागपूरच्या बाहेरच ती उतरवील. एवढा लांब ट्रेलर प्रतापनगरच्या गल्लीत येणारच नाही, म्हणून यार्डापासून घरापर्यंत चालक किंवा लहान वाहन लागते आणि त्याला खर्च येतो.

परंतु हे सारे दर सांगतानाच कंपनीला ठाऊक होते. मुलाने गाडीचे मॉडेल किंवा आरसीचा फोटो पाठवला होता आणि तो पाहून 16,500 रुपये सांगितले गेले, तर ‘मोठ्या गाडीचा फरक’ हा त्यांच्याच हिशोबाचा दोष ठरतो आणि त्याचे 5,000 रुपये आपल्यावर येत नाहीत. घरपोच हा शब्द त्या संदेशात असेल तर 4,000 रुपयांची मागणीही टिकत नाही. डिझेलची दरवाढ मागता येईल ती फक्त बिल्टीवर, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहकाने दिलेल्या पावतीवर, तसे कलम छापलेले असेल आणि मुलाने ते स्वीकारले असेल तर, आणि तेव्हाही वाढ प्रत्यक्ष झाली हे त्यांनीच दाखवायला हवे. प्रवेश कराची मागणी मला सर्वांत संतापजनक वाटते. राज्यांचा प्रवेश कर आणि महापालिकेची जकात हे दोन्ही कर 1 जुलै 2017 पासून जीएसटीत विलीन झाले, आणि एमएच 31 क्रमांकाची आपली गाडी तर मुळात नागपूरचीच आहे. त्या 2,500 रुपयांसाठी कर भरल्याची सरकारी पावती मागा. ती त्यांना दाखवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र आपण स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. मुलाने डिकीत पुस्तकांची खोकी किंवा भांडी ठेवली होती का? अनेक जण ठेवतात, आणि बिल्टीवर नोंद नसलेले हे सामान वजनाच्या आणि नुकसानीच्या वादात आपली बाजू दुबळी करते.

ताबा घेताना घाई करू नका. दुपारच्या उजेडात जा, गाडी पुसून घ्या, आणि मुलाने बंगळुरूला गाडी सोपवताना काढलेले फोटो फोनवर उघडून बाजूबाजूला ताडून पाहा. ओडोमीटरवरील आकडा आणि इंधनाचा काटा यांचेही फोटो घ्या. यार्डातून गाडी परस्पर फिरवली असेल तर तो आकडाच बोलतो. बंपरवरच्या ओरखड्याची लांबी आणि जागा डिलिव्हरीच्या पावतीवर लिहूनच सही करा. ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे छापील वाक्य असेल तर ते खोडा. त्या एका वाक्याखाली केलेल्या सहीमुळे नुकसानीचा चांगला दावा मोडकळीस आल्याचे मी पाहिले आहे.

नुकसानीबाबत कॅरेज बाय रोड कायदा, 2007 लागू होतो. वाहकाच्या ताब्यात असताना मालाचे नुकसान झाले तर त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे हा कायदा आपल्यावर टाकत नाही. मात्र 2011 च्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा वेगळा दर ठरला नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते, आणि ती रवानगीच्या कागदावर जाहीर केलेल्या किमतीच्या पुढे जात नाही. 16,500 रुपये भाडे धरले तर ही मर्यादा 1,65,000 रुपये होते. बंपरला ती पुरेशी आहे. गाडी उलटली असती तर पुरली नसती.

1,500 रुपये विम्याचे म्हणून घेतले आहेत. त्यांच्याकडे विमा कंपनीचे, आपल्या गाडीचा क्रमांक असलेले प्रमाणपत्र मागा. पुष्कळ वाहतूकदार विमा या नावाखाली केवळ स्वतःच्या जोखमीचे शुल्क घेतात आणि कोणतीही पॉलिसी काढत नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर विम्याच्या नावाने पैसे घेणे हीदेखील आपली तक्रार होईल. दुसरीकडे, गाडीची स्वतःची सर्वसमावेशक पॉलिसी उघडून पाहा. तिच्या प्रचलित मसुद्यात रस्त्याने किंवा रेल्वेने वाहून नेताना झालेले नुकसान समाविष्ट असते. तो दावा करायचा असेल तर बंपर दुरुस्त करण्यापूर्वी विमा कंपनीला कळवा.

पोलिसांकडे जाण्याबाबत माझे मत सावध आहे. वाहकाने सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 अन्वये तो गंभीर गुन्हा आहे; पण आपली गाडी डोळ्यांसमोर उभी आहे आणि वाद रकमेचा आहे, त्यामुळे ठाण्यात हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगितले जाण्याची शक्यता अधिक. गाडी यार्डातून नाहीशी झाली, किंवा ती कोठे आहे हे सांगणेच बंद झाले, तर मात्र त्याच दिवशी वाडी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

वसुलीसाठी नागपूरचा जिल्हा ग्राहक आयोग हा योग्य मार्ग आहे. बिल्टीच्या मागे दुसऱ्या शहराच्या न्यायालयाचे नाव छापलेले असेल तरी घाबरू नका, कारण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करता येते. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. करार मुलाने केला असला तरी त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारे आपणही कायद्याच्या व्याख्येत ग्राहक आहात. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संभाषण पुसू नका. ते ज्या फोनवर आहे त्या फोनसह, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडून, ते पुराव्यात देता येते.

दोन वर्षांच्या मुदतीवर मात्र विसंबू नका. कॅरेज बाय रोड कायद्याच्या कलम 16 प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत वाहकाला मिळाली नाही तर नुकसानीचा दावाच चालत नाही, आणि हे दिवस गाडी पोहोचल्यापासून नव्हे तर बंगळुरूला बुकिंग झाल्यापासून मोजले जातात. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तीत बंपर, जादा घेतलेली रक्कम व विम्याचे 1,500 रुपये या तिन्ही गोष्टी लिहा. बिल्टी मुलाच्या नावावर असल्यामुळे नोटीस दोघांच्या नावाने जाणे बरे. गाडी आपल्या ताब्यात द्यावी आणि आपण त्याच्या वतीने पत्रव्यवहार करावा, असे त्याचे सही केलेले अधिकारपत्र आजच ईमेलने मागवून घ्या, म्हणजे वाडीच्या यार्डात ‘मालक कोठे आहे’ या एका प्रश्नावर आपल्याला रिकाम्या हाताने परत यावे लागणार नाही.