रिपॉझिटरीत, म्हणजे अणुकचरा जमिनीखाली खोल कायमचा पुरायच्या जागेत, बफर आणि बॅकफिल यात फरक काय?
दोन्ही मातीच, पण जागा आणि काम वेगळं. फिनलंडची ओन्कालो ही रिपॉझिटरी घ्या, जमिनीखाली 400 मीटरहून खोल, जवळपास 190 कोटी वर्षं जुन्या खडकात. अणुभट्टीत वापरलेलं इंधन आधी बिडाच्या साच्यात, त्यावर 5 सेंटिमीटर जाड तांब्याचा कॅनिस्टर (बंद डबा), आणि तो बोगद्याच्या तळाला पाडलेल्या उभ्या भोकात सोडतात. त्याच्याभोवती बेंटोनाइटचे दाबलेले ठोकळे बसवतात तो बफर, ही माती पाणी लागलं की फुगते, फटी बुजवते, मग पाणी तांब्यापर्यंत पोचायला प्रचंड वेळ लागतो. वरचा बोगदा मातीने भरून टाकतात ते बॅकफिल. पण खरं लक्ष होस्ट रॉककडे, म्हणजे भोवतीच्या मूळ खडकाकडे द्या, त्याच्या भेगांतूनच भूजल येतं, म्हणून भोक कुठे पाडायचं तेसुद्धा भेगा बघूनच ठरवतात.