समुद्राकाठी सायकलची चेन सारखी गंजते. तेल कसे द्यावे आणि चेन केव्हा बदलावी?

तुम्ही हर्णैजवळ राहता, रोज पुळणीवरून सायकल नेता आणि आठवड्याला तेल देऊनही चेन तांबडी पडते, असे विचारले आहे. माझी सायकलही बारा महिने रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत असते, त्यामुळे मला वाटते की तुमचे तेल कमी पडत नसून ते मिठावर पडत आहे.

पुळणीवर उडालेले मीठ कड्यांच्या फटींत बसते आणि हवेतला दमटपणा ओढून घेते, त्यामुळे वरून कोरडी दिसणारी चेन आतून ओलसरच राहते. रॉकेल किंवा डिझेलने जुने तेल आणि काळा मळ निघतो, परंतु मीठ त्यात विरघळत नाही. त्यासाठी गोडे पाणीच हवे. म्हणून पुळणीवरून परतल्यावर आधी तांब्याभर गोडे पाणी हळूहळू चेनवर ओतावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर पावसाळ्यात साठवलेले पागोळीचे पाणी उत्तम. हबवर (चाकाच्या मध्यभागावर) आणि क्रँकच्या, म्हणजे पॅडलच्या दांड्यांच्या, बेअरिंगवर मात्र पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. मग चेन फडक्याने पुसून उन्हात, आणि पावसाळ्यात घरात पंख्याखाली, पूर्ण सुकू द्यावी. चेन काळी चिकट झाली असेल तेव्हाच थोड्या डिझेलने, जुन्या टूथब्रशने घासावी; पेट्रोल चटकन पेट घेते, ते टाळावे.

तेल देण्याची जागा महत्त्वाची आहे. झीज कडीच्या आत, पिनभोवती (कड्या जोडणाऱ्या खिळीभोवती) होते, बाहेरच्या पट्ट्यांवर नाही. म्हणून पॅडल सावकाश उलटे फिरवत चेनच्या खालच्या पदराला, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर (पिनभोवती फिरणाऱ्या नळीवर) एकच थेंब सोडावा, तेल मुरण्यासाठी शक्य तर रात्रभर थांबावे आणि सकाळी चेनचे बाहेरचे अंग कोरड्या फडक्याने नीट पुसून काढावे. हे पुसणे बहुतेक जण गाळतात, आणि मग बाहेर राहिलेल्या तेलाला वाळू व जांभ्याची धूळ चिकटून तीच चेनला कानशीसारखी घासत राहते. ग्रीस याच कारणाने नको: ते आत शिरत नाही आणि बाहेर मात्र धूळ धरते. शिवणयंत्राचे तेल पहिल्याच सरीत धुऊन जाते. खोबरेल थंडीच्या पहाटे थिजते. पावसाळ्यात चेनसाठी मिळणारे दाट तेल आणि दिवाळीनंतर पातळ तेल वापरावे. दिवस मोजण्यापेक्षा चेन कुरकुरू लागण्याआधी, आणि भिजून सुकल्यावर प्रत्येक वेळी, तेल द्यावे.

आता झीज. चेन लांबली असे आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक पिन थोडी थोडी झिजते आणि ती सगळी तूट मिळून लांबी वाढते. चेन ताणलेली असताना स्टीलच्या मोजपट्टीचे शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवावे. नव्या चेनमध्ये २४ पिना पुढची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल, तर गिअरच्या सायकलची चेन बदलावी. मागच्या चाकाला अकरा-बारा गिअर असतील तर त्याच्याही किंचित आधी. बिनगिअरची सायकल १/८ इंचापर्यंत चालवता येते, परंतु तोवर फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरील दातेरी चक्राचे) दातेही झिजलेले असतात आणि त्यावर नवी चेन सटकते, म्हणून दोन्ही एकत्र बदलावे लागतात. वरवरचा तांबडेपणा घासून जातो; तेल देऊनही कडी वाकलेलीच राहत असेल, तर मात्र ती चेन ठेवू नये.

बिनगिअरच्या सायकलीची चेन सैल पडली की मागचे चाक ओढून ती ताणून घेण्याची पद्धत आहे. त्याने सैलपणा जातो, पण झीज तशीच राहून नजरेआड होते, म्हणून चाक ओढण्याआधी दर वेळी मोजपट्टी लावून पाहावी.