गाण्याचा सातबारा आधी ठरवा

बँड काढलास, झकास! पण पहिल्याच महिन्यात लेबलांना (रेकॉर्ड कंपन्यांना) मेल पाठवत सुटू नकोस. आर.ई.एम. या चौघांच्या अमेरिकन रॉक बँडचं बघ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स, विद्यापीठाचं छोटं शहर. गिटारवाला पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला, गायक मायकल स्टाइप तिथलं गिऱ्हाईक. पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० ला, जुन्या चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला! १९८१ मध्ये एका चिमुकल्या लेबलवर पहिली सिंगल (सुट्या गाण्याची रेकॉर्ड). मग व्हॅनमध्ये सामान कोंबून गावोगाव, आणि कॉलेज रेडिओचा (विद्यार्थ्यांनी चालवलेल्या केंद्रांचा) आधार. वॉर्नर या बड्या लेबलशी करार झाला थेट १९८८ मध्ये.

पण मला त्यांची खरी हुशारी वेगळीच वाटते. गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावावर, सारखं. चाल कोणाची, शब्द कोणाचे, हा हिशोबच नाही. हे तुम्ही आजच कागदावर लिहून सह्या करा. आमचा बँड गाणी वाईट म्हणून फुटला नाही (फार चांगली होती असंही नाही म्हणा). एकाच चालीवर दोघांनी हक्क सांगितला. तेव्हा मानधन जेमतेम चहा-वडापावपुरतं मिळायचं, तरी भांडलो.

आणि हो, ड्रमर नसताना पैसे वाटू नका.