‘अधिकार घेतो’ की ‘अधिकार दिला आहे’?

‘अधिकार’ आणि ‘सामर्थ्य’ यांत फरक काय, आणि प्रार्थनेत ‘या दुष्ट आत्म्यावर मी अधिकार घेतो’ असे म्हणणे बरोबर आहे का, असा प्रश्न सोलापूरच्याच एका वाचकाने विचारला आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: हे मराठी नव्हे. गेल्या महिन्यात आमच्या पूर्व भागातील एका घरसभेत, शेजारच्या यंत्रमागाच्या खडखडाटावर आवाज चढवून, एका तरुण उपदेशकाने हेच वाक्य इतक्या वेळा उच्चारले की अर्थाकडे माझे लक्षच राहिले नाही. मराठीत अधिकार असतो, मिळतो, चालतो, फार तर माणूस तो गाजवतो. ‘घेतला’ जातो तो ताबा.

माझ्या मते घोटाळा नेमका इथेच झाला आहे. भुताने ताबा घेतला, असे आपण म्हणतो, आणि त्याच क्रियापदाने भूत काढणाऱ्याचे वाक्यही रचतो. पण हा ‘ताबा’ मुळात अरबी ‘ताबिअ’ या शब्दावरून आला आहे आणि त्याचा अर्थ आहे मागोमाग चालणारा, अनुयायी! ‘ताबेदार’ म्हणजे दुसऱ्याच्या आज्ञेत असलेला. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातील शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, आपण ताबेदार असल्याचे आधी सांगतो आणि मगच हाताखालच्या शिपायांना ‘जा’ म्हटले की ते जातात, हे सांगतो. त्याचा हुकूम चालतो, कारण तो स्वतः हुकमाखाली आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘एक्सुसिया’, म्हणजे अधिकार, हाच शब्द आहे. तो अधिकाराखालचा माणूस आहे. हे नाते ‘ताबेदार’ या एका शब्दात ज्याने पकडले, त्या भाषांतरकाराला मी मनापासून नमस्कार करतो.

‘एक्सुसिया’ म्हणजे ‘स्वतःच्या अस्तित्वातून निघालेली शक्ती’ अशी फोड काही उपदेशक व्यासपीठावरून सांगतात, ती मला मुळीच मान्य नाही. हा शब्द ‘एक्सेस्ती’ या क्रियापदाशी बांधलेला आहे, आणि त्याचा अर्थ ‘मुभा आहे’ एवढाच आहे. शब्बाथ, म्हणजे विसाव्याच्या दिवशी काय करणे योग्य, या वादात परूशी, म्हणजे नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेल्या यहूदी पंथाचे लोक, हेच क्रियापद वापरतात. मुभा कोणीतरी देत असतो. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना शत्रूच्या सर्व सामर्थ्यावर अधिकार ‘दिला आहे’ असे म्हणतो, आणि मत्तयाच्या शेवटी स्वतःविषयीही, स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला ‘दिलेला आहे’ असेच सांगतो. जे क्रियापद त्याने स्वतःसाठी वापरले नाही, ते आपण कशाच्या बळावर वापरतो?

सामर्थ्याचा प्रश्न लूकच्या त्याच वाक्यात सुटतो: शत्रूकडे सामर्थ्य आहे, शिष्याकडे त्यावरचा अधिकार आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 मधील स्कवा या यहूदी याजकाच्या सात मुलांनी एका दुष्ट आत्म्याला येशूच्या नावाची शपथ घातली, पण ते त्याचे ताबेदार नव्हते, ‘तुम्ही कोण?’ असे त्या दुष्ट आत्म्यानेच विचारले आणि त्यांना उघडे व घायाळ होऊन त्या घरातून पळावे लागले.

‘येशूच्या नावात’ हाही प्रयोग मराठी नव्हे, तो उसना आहे. आपल्या शास्त्रात ‘नावाने’ आहे. त्याच घरसभेत विड्या वळणाऱ्या एका आजींनी तापाने फणफणलेल्या नातवाच्या कपाळावर हात ठेवून म्हटले होते, ‘प्रभू, तुझ्या नावानं या लेकराला मोकळं कर.’